काळी भर

डॉक्टरांनी माझ्या मुलीचा हात वर धरला आणि सगळ्या बायकांना तिची नखं दाखवली.

"ही बघा," ते म्हणाले. "प्रत्येक नखाखाली माती. ही पोटात जाते, पोटात जंत होतात, जंत रक्त पितात. मग तुम्ही म्हणता पोर वाळलं, पोर किरकिर करतं, पोराच्या पोटात कळा येतात. येणारच! कुणाची मुलगी ही?"

मारुतीच्या देवळाशेजारचा नवा सभामंडप बायकांनी भरला होता. निमी कुणाची हे त्यातल्या प्रत्येकीला माहीत होतं. तरी सगळ्या माना वळवून माझ्याकडे बघायला लागल्या. मी उभी राहिले.

"माझी."

"वय काय?"

"साडेचार झाली."

"नाव काय गं बाळ तुझं?"

निमी छताच्या पंख्याकडे बघत होती. ती काही बोलली नाही.

"बोलत नाही का?"

"बोलायची," मी म्हणाले. "दिवाळीपर्यंत चांगली बोलत होती."

"लाजत असेल." त्यांनी तिचा हात सोडला आणि पुन्हा बायकांकडे वळले. "औषधं आम्ही देऊ. पण औषधानं काय होणार? आईचं लक्ष असेल तर पोर माती खात नाही. साधी गोष्ट आहे. नखं कापा, हात धुवा, पोरांना मोकाट सोडू नका."

माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाई पदर तोंडाशी नेत मोठ्यानंच पुटपुटल्या, "किती येळा सांगितलं हिला. ऐकंल तर शप्पथ."

मी खाली बसले. कानशिलं तापली होती. खरं तर माती खाते म्हणून मी निमीला मारलंही होतं. हाताला तिखट लावून बघितलं, पायाला दोरी बांधून बघितलं. दोरी बांधली की ती हात पुरतील तेवढी माती उकरायची.

शिबिर पाटणेसाहेबांनी भरवलं होतं. आमच्या गव्हाळवाडीच्या ओढ्यापलीकडे त्यांची शिशाची भट्टी होती. ट्रक-ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटऱ्या तिथं यायच्या. माणसं कुऱ्हाडीनं त्या फोडायची, आतलं पाणी चरात ओतायची, आतल्या काळ्या पट्ट्या भट्टीत टाकून शिसं वितळवायची. वाडीतल्या बहुतेक घरांतला एक तरी माणूस तिथं होता. आमच्या घरातून निमीचे वडील जायचे. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या सदऱ्यावर, भुवयांवर, कानाच्या पाळ्यांवर राखाडी धूळ असायची. निमी दारातच वाट बघत उभी असायची. ते तिला उचलायचे, ती त्यांच्या मानेत तोंड खुपसायची.

साहेब वाडीसाठी बरंच करायचे. सभामंडप त्यांनीच बांधून दिला. शाळेला पत्रे दिले. आणि आदल्या पावसाळ्यात त्यांनी कामगारांच्या दारांत आणि देवळापुढं भर टाकून दिली. आमची वस्ती ओढ्याकाठच्या चिकणमातीवर. पावसाळ्यात दारात घोट्याएवढा चिखल व्हायचा, शेळ्या रुतायच्या. साहेबांनी भट्टीच्या मागे साठलेली काळी राख आणि शिसं काढून उरलेली खडी, खंगर, ट्रॉल्या भरभरून पाठवली. ती दाबून बसवली की अंगण कसं टणक झालं! पाणी लगेच जिरायचं. कुणाच्या दारात ट्रॉली आधी आली यावरून बायकांची भांडणं झाली होती. आमच्याकडे आली तेव्हा सासूबाईंनी ड्रायव्हरला चहा करून दिला.

पोरं त्या भरीत खेळायची. ती भुसभुशीत, काळी, चमकणारी. एकदा निमी माझ्याजवळ येऊन म्हणाली होती, "आई, आपली काळी माती गोड लागती." तिच्या शेवटच्या पूर्ण वाक्यांतलं ते एक. पुढं पोटात कळा यायला लागल्या. भाकरी दिसली की तोंड फिरवायची. अंगावरचा रंग उतरला, ओठ पांढरे पडले. मग शब्द जायला लागले. आधी गाणी गेली, मग वाक्यं, मग नावं. एक दिवस तिला तहान लागली आणि पाणी हा शब्द सापडेना. घागरीजवळ उभी राहून ती नुसती रडली.

ती एकटी नव्हती. शेजारच्या शेवंताचा गण्या तिच्याच वयाचा. मार्गशीर्षात त्याला झटके आले. तालुक्याला नेईपर्यंत गाडीतच गेला. शेवंतालाही लोक तेच म्हणाले. तुझं लक्ष नव्हतं. त्या दिवसापासून शेवंता कुणाशी बोलत नव्हती. शिबिरातही ती सगळ्यांत मागे, खांबाला टेकून बसली होती. तिला दाखवायला कोणी उरलं नव्हतं. मग ती का आली होती, हे तेव्हा मला कळलं नाही.

डॉक्टरांचं बोलणं चालू असताना बाहेर गाडी थांबली. पांढरी, मोठी. पाटणेसाहेब उतरले आणि मागून त्यांच्या पत्नी. त्यांना सगळे वहिनीसाहेब म्हणायचे. गाडीच्या दारापासून मंडपाच्या पायरीपर्यंत भट्टीतल्या माणसांनी सतरंजी अंथरून ठेवली होती. निमीचे वडील हार घेऊन उभे होते. वहिनीसाहेबांच्या हातून मुलांना टॉनिकच्या बाटल्या वाटायच्या होत्या.

हार घालून झाले आणि तेवढ्यात निमीच्या पोटात कळ आली. ती वाकडी झाली, तिला उमासा आला. मी तिला उचलून धावतच बाहेर आणलं आणि मंडपाच्या कडेला, गाडीच्या मागच्या बाजूला बसवलं. ती ओकली. पोटात काही नव्हतंच, नुसतं पाणी पडलं. मी पदरानं तिचं तोंड पुसत होते, तोवर मला गाडीतून रडणं ऐकू आलं.

आत निमीएवढीच एक मुलगी होती. गुलाबी फ्रॉक, पांढरे मोजे. काचेला नाक लावून ती बाहेरची कोंबडी बघत होती आणि दार उघडायला धडपडत होती. तिचा आवाज ऐकून वहिनीसाहेब मंडपातून परत आल्या. मी गाडीच्या मागे खाली बसलेली, त्यांना दिसले नाही. ड्रायव्हरनं काच थोडी खाली केली.

"मला कोंबडी बघायचीय."

"नाही म्हटलं ना? इथं खाली उतरायचं नाही."

"थोडंच."

"थोडंसुद्धा नाही. पप्पांनी काय सांगितलंय? इथली माती विषारी आहे. पाय ठेवायचा नाही, हात लावायचा नाही. ऐकलं नाहीस तर परत आणणार नाही."

मी उठून उभी राहिले. निमी माझ्या कडेवर होती.

वहिनीसाहेबांचा चेहरा मला अजून दिसतो. चोरी सापडल्यावर माणूस दचकतो तसा तो नव्हता. नोकरमाणसासमोर घरातलं काही बोलून गेल्यावर होतो, तसा होता.

"तुम्ही आत बसा ना," त्या म्हणाल्या. "औषध मिळेल आता."

"काय म्हणालात तुम्ही?"

"कुठं काय?"

"इथली माती कशी आहे म्हणालात?"

"अहो, पोरांना भीती घालायला काहीतरी म्हणतो आपण."

काचेच्या फटीतून ती मुलगी माझ्याकडे बघत होती. शहाण्या मुलीनं धडा म्हणून दाखवावा तसं ती म्हणाली, "ती भट्टीची माती आहे. ती पोटात गेली की डोकं खराब होतं. पप्पा म्हणाले."

"गप्प बस!" वहिनीसाहेबांनी ड्रायव्हरकडे बघितलं. काच वर गेली.

त्या सतरंजीवरून मंडपाकडे निघाल्या. मी त्यांच्या आधी, काळ्या मातीतून चालत, मंडपात शिरले. पाटणेसाहेब माइकसमोर उभे होते. वाडीतली मुलं ही माझीच मुलं, असं काहीतरी चाललं होतं.

"साहेब," मी मधेच म्हणाले, "तुमची मुलगी गाडीतून खाली का उतरत नाही?"

ते थांबले. हसले. "काय म्हणालात ताई?"

"तुमची मुलगी. गाडीत कोंडून ठेवलीय. तिला कोंबडी बघायचीय. का उतरू देत नाही तिला?"

मंडपात कुजबुज झाली. कोणीतरी साहेबांच्या कानाशी लागलं, "हणमंताची बायकू."

"तिला बरं नाही," साहेब म्हणाले. "बसा तुम्ही."

"तिला काही झालेलं नाही. ती चांगली धडधाकट आहे. तिला तुम्ही सांगितलंय की इथली माती विषारी आहे. पोटात गेली की डोकं खराब होतं. तिनंच सांगितलं मला आत्ता." माझा आवाज चिरकत होता आणि मला त्याची पर्वा नव्हती. "हीच माती तुम्ही आमच्या दारात टाकलीत. आम्ही मागितली नव्हती. ट्रॉलीनं आणून टाकलीत."

"ताई, तुमचं लेकरू आजारी आहे म्हणून तुम्ही संतापलाय. मी समजू शकतो."

"डॉक्टर!" मी डॉक्टरांकडे वळले. "जंतानं पोराचं बोलणं जातं का?"

डॉक्टर तरुण होते. त्यांच्या हातात अजून नेलकटर होतं.

"सांगा की. जंतानं झटके येतात का? शेवंताचा गण्या गेला. तिकडच्या लक्ष्मीच्या पोराला उभं राहता येत नाही. सगळ्या वस्तीतल्या पोरांच्या पोटात कळा येतात. एवढ्या सगळ्या आयांचं एकदमच लक्ष उडालं का?"

"तपासावं लागेल," ते हळू आवाजात म्हणाले. "रक्त तपासल्याशिवाय सांगता येत नाही."

"मग न तपासताच माझं लक्ष नाही हे कसं कळलं तुम्हाला?"

त्यांनी साहेबांकडे बघितलं. माझ्याकडे नाही. त्यांना किती माहीत होतं हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण त्या बघण्यानं मला जे कळायचं ते कळलं.

निमीचे वडील गर्दीतून आले आणि त्यांनी माझा दंड धरला. "गप. घरी चल."

"मी येत नाही."

"अगं, माझं काम जाईल."

"जाऊ दे."

ते दंड ओढत होते, मी खांबाला धरून उभी होते, निमी किंचाळत होती. तेवढ्यात मागच्या बायका सरकल्या. शेवंता उठली होती. गण्या कशानं गेला हे ऐकायलाच ती शिबिरात आली होती, हे मला आत्ता उमगलं. ती कुणाकडे न बघता मंडपातून बाहेर पडली. सगळ्यांना वाटलं, घरी गेली.

ती परत आली तेव्हा तिच्या डोक्यावर पाटी होती. स्वतःच्या अंगणातली भर तिनं फावड्यानं उकरून आणली होती. गाडीच्या दारासमोर सतरंजीवर तिनं ती पाटी उलटी केली. काळा धुरळा उडाला, गाडीच्या पांढऱ्या दारावर बसला. रिकामी पाटी घेऊन ती पुन्हा घराकडे वळली.

दुसऱ्या खेपेला तिच्याबरोबर लक्ष्मी होती. मग आणखी दोघीतिघी. सगळ्या आल्या असं मी म्हणणार नाही. बऱ्याच जणी औषधाच्या बाटल्या मिळायची वाट बघत बसूनच राहिल्या, काही आपल्या पोरांना घेऊन मागच्या बाजूनं निघून गेल्या. ज्यांचे नवरे भट्टीवर मुकादम होते, त्या आम्हाला शिव्या देत होत्या. पण ज्या आल्या त्यांनी थांबायचं नाव घेतलं नाही. मी निमीला देवळाच्या चौथऱ्यावर बसवलं आणि मीही गेले. आपलं अंगण उकरताना मला कळलं की ती भर मी रोज झाडत होते, सारवत होते, त्यावर रांगोळी काढत होते. मी फावडं इतक्या जोरात मारत होते की दांडा तळव्यांत रुतत होता.

गाडीच्या पुढे ढीग झाला, मागे मंडपाची भिंत. वहिनीसाहेब कशाबशा गाडीत जाऊन बसल्या होत्या. काचा बंद. आत ती मुलगी रडत होती. तिचं रडणं ऐकून मला वाईट वाटलं का? वाटलं. पण मी पाटी ओतायची थांबले नाही.

शेवटी साहेबांनी भट्टीतल्या माणसांना हाक मारली. आमच्याच नवऱ्यांनी, दिरांनी, भावांनी तो ढीग बाजूला केला. अनवाणी पायांनी, उघड्या हातांनी. गाडीला वाट झाली. गाडी गेली. साहेब चालत भट्टीकडे गेले. जाताना माझ्याजवळ क्षणभर थांबले आणि म्हणाले, "संध्याकाळी येतो घरी."

घरी चूल पेटली नाही. निमीचे वडील वट्यावर डोकं धरून बसले होते. सासूबाई निमीला मांडीवर घेऊन तिच्या पोटावर एरंडेल चोळत होत्या. मला वाटलं, आता त्या मला घराबाहेर काढणार. तशा कडक होत्या त्या. वाडीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली होती, त्यामुळे त्यांच्यापुढे कोणी वर तोंड करून बोलत नसे. मी तर नाहीच.

दिवस मावळायच्या आधी पाटणेसाहेब आले. एकटेच. वट्यावर टेकले. पाणी मागितलं नाही, मीही दिलं नाही.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "मी मनात ठेवणारा माणूस नाही. हणमंता, तुझी पोरगी ती माझी पोरगी. तिला मी मुंबईला नेतो. मोठ्यातल्या मोठ्या दवाखान्यात. माझी गाडी, सगळा खर्च माझा. बरी होईपर्यंत."

निमीच्या वडिलांनी मान वर केली.

"उद्या ग्रामपंचायतीत चार माणसं बसतील," साहेब पुढं म्हणाले. "तिथं एवढंच सांगायचं. पोरगी जन्मापासूनच अशी आहे. बायकोला दुःखानं सुचलं नाही, म्हणून बोलली. बस्. पुढं कुणी काही विचारणार नाही."

खरं सांगते, मी लगेच नाही म्हणाले नाही. मुंबईचा दवाखाना. मी निमीकडे बघितलं. तिच्या मनगटाचं हाड वर आलं होतं. निमीचे वडील माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत विनवणी होती.

"मावशी, तुम्ही वडीलधाऱ्या," साहेब सासूबाईंना म्हणाले. "तुमचा शब्द वाडी मानते. तुम्हीच सांगा उद्या."

सासूबाईंचा हात निमीच्या पोटावर थांबला.

"काय सांगू?"

"हेच. जन्मापासून अशी होती."

"जलमापासनं?" त्यांनी निमीला माझ्या मांडीवर दिलं आणि त्या उठून उभ्या राहिल्या. "हिची नाळ म्या कापली. ह्या हातानं. उलटी धरून पाठीवर थाप मारली तर अशी वरडली की समोरच्या गोठ्यातली म्हस उठून हुबी ऱ्हायली. वरीस व्हायच्या आत चालाय लागली. माज्याबरं जात्यावर बसून ओव्या म्हणायची, अर्ध्या माज्या, अर्ध्या तिच्या मनाच्या. आन् म्या पंचात जाऊन म्हणू, जलमापासनं अशी?"

"मावशी, तिच्याच भल्यासाठी..."

"गण्याची नाळ बी म्याच कापली. लक्ष्मीच्या पोराची बी. आज हिला जलमापासनं म्हटलं की उद्या त्यास्नी बी तेच म्हणशीला. चांगली पोरं दिली हुती म्या ह्या वाडीला. खोट असलेलं एक न्हवतं." त्यांचा श्वास लागला होता. "सुनंला बोलली म्या. आज सकाळच्याला बी बोलली, चार बायकांत. तिचं काय ते म्या आन् ती बघून घिऊ. तुमी उठा. माज्या वट्यावरनं उठा."

पाटणेसाहेब उठले. चेहऱ्यावरची मऊ साय निघून गेली होती. "हणमंता, उद्यापासून कामावर येऊ नकोस. आणि ही घराची जागा कुणाच्या शब्दावर मिळालीय ते आठव जरा."

निमीचे वडील उठले नाहीत. जमिनीकडे बघत त्यांनी विचारलं, "साहेब, एक सांगा. तुमच्या पोरीला तुमी सांगितलं, माती लागू दिऊ नको. मला का न्हाई सांगितलं?"

"काय?"

"म्या रोज त्याच कापडानं घरी येतुया. त्याच कापडानं हिला उचलून घेतुया. नुसतं म्हणाला असता, हणमंता, कापडं बदलून घरी जा. तेवढंच. तेवढं सुदीक का न्हाई सांगितलं?"

साहेबांनी चपला घातल्या आणि गेले. निमीच्या वडिलांनी अंगातला सदरा काढला, चुलीत कोंबला आणि काडी ओढली. तो जळेपर्यंत ते तिथंच बसून राहिले. सासूबाईंनी त्यांना उठवलं आणि भाकरी थापायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही चौघंही जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या. त्यांनी निमीचा वरचा ओठ अंगठ्यानं उचलला. हिरडीच्या कडेला निळसर रेघ होती. मी आई, रोज तिचं तोंड धुणारी, मला ती कधी दिसली नव्हती. मग बाईंनी काही न विचारता निमीच्या वडिलांना तोंड उघडायला सांगितलं. त्यांच्या हिरडीवर तीच रेघ, जास्त गडद.

"बॅटऱ्यांचं काम करता?"

"करत हुतो. कालपतुर."

"शिसं आहे हे. अंगात भिनलंय. लहान मुलांच्या मेंदूत लवकर जातं." बाई माझ्याकडे वळल्या. "औषधानं अंगातलं बरंचसं निघेल. पण आधी तिला त्या जागेवरून हलवा. परत त्या अंगणात नेलंत तर माझ्या औषधाचा काही उपयोग नाही."

"बोलणं येईल का परत?" मी विचारलं.

"थोडं येईल. सगळं गेलेलं परत आलेलं मी बघितलं नाही."

खोटी आशा त्यांनी दिली नाही. आजही मी त्यांचे उपकार मानते ते यासाठी.

आम्ही वाडीत परत राहायला गेलो नाही. तालुक्याच्या गावी एका खोलीत राहिलो. मी पोळ्या लाटल्या, सासूबाई बाळंतिणींची अंगं चोळायच्या. निमीचे वडील भाजीच्या गाडीवर बसायचे, पण त्यांची मनगटं लुळी पडत चालली होती. तराजू धरवेना. चाळिशी ओलांडण्याआधीच ते गेले. शेवंता आणि लक्ष्मी वाडीतच राहिल्या, आणि लढल्या त्या खऱ्या. अधिकारी आणले, मोर्चे काढले, मार खाल्ला. अंगणांतली भर निघायला दोन पावसाळे गेले, भट्टी बंद व्हायला त्याहून जास्त. बंद झाली त्या दिवशी आम्ही पेढे वाटले. महिन्याभरात कळलं, तीच भट्टी दुसऱ्या नावानं नदीपलीकडच्या तालुक्यात पेटली होती. शिक्षा कुणालाच झाली नाही. पाटणेसाहेब पुढे कुठल्या कुठल्या संस्थांचे अध्यक्ष झाले.

गेल्या वर्षी ते वारले. वाडीतून लक्ष्मीचा फोन आला. शोकसभा आहे म्हणाली, सगळे चांगलंच बोलणार आहेत. मी निमीला चांगली साडी नेसवली, वेणी घातली आणि गेले. आम्हाला कुणी बोलावलं नव्हतं.

निमी आता तिशीत आहे. उंच आहे, बापासारखी. तिला मोजके शब्द येतात, आणि तेही दर वेळी सापडत नाहीत. मी दिसले नाही की घाबरते. आनंद झाला की घशातून मोठा आवाज काढते, तो दूरवर ऐकू जातो. त्या दिवशी एवढी माणसं, एवढी फुलं बघून तिला फार आनंद झाला होता.

भाषणं झाली. दानशूर होते, वाडीचे पोशिंदे होते, मुलांवर त्यांचं प्रेम होतं. शेवटी सूत्रसंचालकानं विचारलं, "आणखी कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का?"

मी हात वर केला आणि निमीचा हात धरून पुढे गेले. माझ्या हातात माइक देताना त्या मुलानं मला ओळखलं नाही. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी ओळखलं.

"ही निर्मला हणमंत शेलार," मी म्हणाले. "पाटणेसाहेबांनी आमच्या दारात भर टाकली तेव्हा ही चार वर्षांची होती आणि ओव्या म्हणायची."

माइक परत दिला. आम्ही जागेवर येऊन बसलो. सूत्रसंचालकाला काय करावं सुचेना, तेव्हा त्यानं घाईघाईनं सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. दोन मिनिटं शांतता पाळायची होती.

सगळे माना खाली घालून उभे राहिले. आणि निमी ओरडायला लागली. तोच तिचा आनंदाचा, घशातून येणारा आवाज. पूर्ण मंडपात घुमत होता. पुढच्या लोकांनी माना वळवल्या. एका पांढऱ्या टोपीवाल्यानं माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

मी तिला गप्प केलं नाही.